पायांची वळवळ : दर वेळी दोष एमएसचा नसतो

रात्री अंथरुणाला पाठ टेकली की पोटऱ्यांत वळवळ सुरू होते. पाय हलवल्याशिवाय राहवत नाही. उठून चार पावले टाकली की बरे वाटते, आडवे झाले की पुन्हा तेच. मल्टिपल स्क्लेरोसिसच्या (एमएस) रुग्णाने अशी तक्रार केली, की ती सहसा मूळ आजाराच्या खात्यावर टाकली जाते. प्रत्यक्षात हा ‘रेस्टलेस लेग्ज सिंड्रोम’ असू शकतो आणि त्यावर स्वतंत्र उपचार आहेत.

इटलीतील अनेक रुग्णालयांत झालेला एक अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात एमएसच्या ८६१ रुग्णांपैकी १९ टक्के जणांना हा त्रास आढळला. तुलनेसाठी घेतलेल्या ६४९ व्यक्तींत हे प्रमाण ४.२ टक्के होते. एमएसमध्ये स्नायू ताठरतात, त्यामुळे दोहोंत गल्लत होते. ताठरपणात पाय आपोआप आखडतो. इथे तो हलवण्याची अनावर इच्छा होते, हलवला की आराम पडतो आणि त्रास संध्याकाळनंतर वाढतो. निदान मुख्यतः या माहितीवरच होते.

उपचारांची दिशाही आता बदलली आहे. प्रॅमिपेक्सोल, रोपिनिरोल ही औषधे वर्षानुवर्षे प्रथम दिली जात. सुरुवातीला गुण येतो. पण दीर्घ वापराने त्रास दिवसा लवकर सुरू होतो, वाढतो, कधी हातांतही पसरतो. म्हणून अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनने जानेवारी २०२५ मध्ये त्यांचा सरसकट वापर टाळण्याची शिफारस केली. आधी शरीरातील लोह तपासावे, असे त्यांचे म्हणणे आहे. प्रौढांत फेरिटिन ७५ किंवा त्याहून कमी असेल, तर लोह देण्याचा विचार करावा.

आपल्याकडे हा मुद्दा अधिक महत्त्वाचा ठरतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे आणि एमएसही स्त्रियांतच जास्त आढळतो. शिवाय हिमोग्लोबिन ठीक असूनही लोहाचा साठा कमी असू शकतो. प्रयोगशाळेच्या अहवालात ‘नॉर्मल’ लिहिलेले फेरिटिन या आजारासाठी अपुरे असू शकते.

गॅबापेंटिन, प्रीगाबालिन ही औषधेही उपयोगी पडतात. मात्र त्यांनी गुंगी व चक्कर येते. एमएसमध्ये तोल आधीच कच्चा असल्याने मात्रा जपून वाढवावी लागते. मळमळ, अॅलर्जी किंवा नैराश्यावरील काही औषधांनी हा त्रास बळावतो, तेव्हा चालू गोळ्यांची यादी डॉक्टरांना दाखवावी. चालू औषध परस्पर बंद करू नये आणि तपासणीविना लोहाच्या गोळ्याही घेऊ नयेत.

झोपमोड झाली की एमएसचा थकवा आणखी वाढतो. म्हणून पुढच्या तपासणीला ‘झोप लागत नाही’ एवढेच न सांगता पाय रात्री काय करतात, तेही सांगावे.