राष्ट्र-राज्योत्तर कल्पिते आणि टाळलेला एक प्रश्न

विज्ञानकादंबरीने राष्ट्र-राज्य मोडीत काढले आणि राजकीय कल्पनाशक्ती भूगोलातून मुक्त केली, असा निर्वाळा उत्तर-आधुनिक समीक्षाव्यवहारात इतक्या सहजपणे दिला जातो की तो तपासण्याची गरज कुणाला भासत नाही. नील स्टीफन्सनच्या 'द डायमंड एज'मधील (१९९५) स्वेच्छेने पत्करलेल्या जमाती, माल्का ओल्डरच्या 'इन्फोमॉक्रसी'मधील (२०१६) एक लाख वस्तीचे 'सेंटेनल' आणि एडा पामरच्या 'टू लाइक द लाइटनिंग'मधील (२०१६) भूमिविरहित 'हाइव्ह' ही त्याची नेहमीची उदाहरणे. तिन्ही ठिकाणी नागरिकत्व जन्माने लादले जात नाही, ते निवडले जाते. माझा आक्षेप या कादंबऱ्यांवर नाही. 'निवड' या पदाला मुक्तीचा पर्याय मानून तिथेच थांबणाऱ्या वाचनावर आहे.

मराठीत आपण 'राष्ट्र' आणि 'राज्य' यांच्यामध्ये संयोगचिन्ह घालतो ते येथे कामी येते, कारण विसर्जन नेमके कोणत्या पदाचे झाले हे विचारता येते. स्टीफन्सनकडे राज्य विरते, पण नव-व्हिक्टोरियन, निप्पॉन, हान अशा समूहांच्या रूपाने राष्ट्र अधिकच काटेकोर होऊन उरते. ओल्डरकडे उलट घडते: राष्ट्र विरते, परंतु प्रत्येक दाव्याची शहानिशा करणारी 'इन्फर्मेशन' ही जागतिक यंत्रणा कोणत्याही राज्याला हेवा वाटावा अशी पाळत ठेवते.

मग ज्याला निवडता येत नाही त्याचे काय? स्टीफन्सनची नायिका नेल ही 'थीट', म्हणजे जमातहीन. ओल्डरच्या सेंटेनलमध्ये पराभूत पक्षाला मत देणाऱ्याने पुढची दहा वर्षे नको असलेल्या सरकारखाली राहावे, किंवा घर सोडून जावे. पामरकडे तर कुठल्याच हाइव्हमध्ये न जाणाऱ्यालाही तीनपैकी एका कायद्याखाली यावे लागते. आणि या संपन्न जगाची कथा सांगतो तो मायक्रॉफ्ट कॅनर, एक शिक्षा झालेला 'सर्व्हिसर', ज्याला मालमत्ता बाळगता येत नाही आणि जो अन्नाच्या मोबदल्यात राबतो. लेखिकेने निवेदनच त्याच्या हाती सोपवले आहे. हाइव्हचे गोडवे गाणाऱ्यांना ते दिसत नसेल, तर दोष संहितेचा नव्हे.

हा वाद केवळ पुस्तकी नाही. ३१ ऑगस्ट २०१९ रोजी आसामच्या राष्ट्रीय नागरिक नोंदणीची अंतिम यादी प्रसिद्ध झाली, तेव्हा १९ लाखांहून अधिक अर्जदार तिच्याबाहेर राहिले. त्यांना राष्ट्र-राज्य नकोसे झाले नव्हते. नागरिकत्वाकडे सदस्यत्वाचा अर्ज म्हणून पाहणाऱ्याच्या खिशात बहुधा पारपत्र असते. आणि अर्ज आला की तो नाकारणारे कार्यालयही येते, ते राष्ट्राचे असो वा जमातीचे.

याच कारणाने अर्सुला ल ग्विनची 'द डिस्पझेस्ड' (१९७४) ही जुनी कादंबरी मला या सर्वांहून पुढची वाटते. अनारेसवर राष्ट्र नाही, राज्यही नाही. तरीही कादंबरी सुरू होते ती अवकाशतळाभोवतीच्या भिंतीपासून. नवे स्थलांतरित येऊ नयेत म्हणून करार केलेला आहे. खनिजे मात्र उरासला नियमित जातात, म्हणजे मुक्त जग हे व्यवहारात जुन्या जगाची खाणच आहे. शेवेकचे संशोधन छापायचे की नाही हे ज्येष्ठ साबूल ठरवतो आणि वर स्वतःचे नावही त्याला जोडतो. (विद्यापीठीय वाचकाला साबूलची वेगळी ओळख करून द्यावी लागू नये.) दुष्काळात कुणाला किती शिधा मिळावा याच्या याद्या करण्याची पाळी शेवेकवर येते, आणि अखेर तो ते काम सोडतो. राज्य गेले, यादी राहिली. राज्याच्या जागी जे येईल त्यातही यादी कुणीतरी करणारच, हे ल ग्विन लपवत नाही. निवडीचा सोहळा करणाऱ्या समीक्षेला मात्र या दुष्काळी प्रकरणात काही सापडत नाही. ती शेवेकच्या भाषणांपाशी रेंगाळते.

शेवटी शेवेक परततो तेव्हा त्याच्याबरोबर केथो हा हेनचा रहिवासी असतो. भिंतीपलीकडे पाऊल टाकण्याची इच्छा त्याने स्वतःहून व्यक्त केलेली आहे. खाली जमलेले लोक त्याला आत घेतील की दगड उचलतील, हे कळत नाही. यान उतरण्यापूर्वीच कादंबरी थांबते.