विश्लेषण : विद्यापीठाला नवे ॲप हवे की खिशातल्या फोनवर उघडणारे संकेतस्थळ?

परीक्षा अर्जाची मुदत संपायला दोन दिवस उरले की तालुक्याच्या गावात ‘ऑनलाइन फॉर्म भरून मिळतील’ अशी पाटी लावलेल्या दुकानांसमोर रांग लागते. रांगेतल्या जवळपास प्रत्येकाच्या हातात स्मार्टफोन असतो. त्याच फोनवरून तो वीजबिल भरतो, रेल्वेचे तिकीट काढतो, घरी पैसे पाठवतो. विद्यापीठाचा अर्ज मात्र त्याला दुकानात जाऊन, दुसऱ्याच्या संगणकावर, वरचे पैसे मोजून भरावा लागतो. या तक्रारी वाढल्या की विद्यापीठाकडून ठरलेले उत्तर येते, ‘आमचे मोबाइल ॲप लवकरच येत आहे’. दुखणे एक आणि औषध भलतेच, असा हा प्रकार आहे. विद्यापीठाला मोबाइलविषयक धोरण हवेच, पण ॲप हा त्याचा शेवटचा मुद्दा असायला हवा. पहिला मुद्दा संकेतस्थळाचा आहे.

अडचण नेमकी कुठे आहे?

अनेक विद्यापीठांची संकेतस्थळे कार्यालयातल्या मोठ्या पडद्यासाठी बांधली गेली. वर, डावीकडे आणि उजवीकडे मेनू, मधोमध मान्यवरांची सरकती छायाचित्रे, खाली धावत्या सूचना. फोनवर हे सारे चार बोटांच्या जागेत कोंबले जाते. माउस वर नेल्यावर उघडणारा मेनू फोनवर नीट उघडत नाही, कारण फोनला माउस नसतो. अर्जासाठी छायाचित्र ५० केबीहून लहान मागितले जाते आणि फोनचा कॅमेरा काही एमबीचे छायाचित्र काढतो. ओटीपीचा संदेश पाहायला दुसरीकडे जाऊन परत यावे, तर भरलेला अर्ज रिकामा झालेला असतो. शुल्क खात्यातून वजा होते, पावती येत नाही.

यातली प्रत्येक अडचण सुटी पाहिली तर किरकोळ वाटते. पण त्या एकत्र आल्या की विलंब शुल्क लागते, कधी प्रवेशपत्र अडते, कधी सत्र वाया जाते. संकेतस्थळ नीट न बांधल्याची किंमत विद्यापीठाच्या ताळेबंदात कुठेच दिसत नाही. ती विद्यार्थ्याच्या खिशातून, त्याच्या बुडालेल्या दिवसातून वसूल होते.

अंतराचा आणि मोबाइलचा काय संबंध?

महाराष्ट्रातील विद्यापीठे मुख्यतः संलग्नता देणारी आहेत. मुंबई विद्यापीठाचा विस्तार पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंत आहे, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाकडे पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक हे तीन जिल्हे आहेत, तर २०११ मध्ये स्थापन झालेल्या गोंडवाना विद्यापीठाकडे चंद्रपूर आणि गडचिरोली. सिरोंच्याहून गडचिरोलीला जायचे तर सुमारे दोनशे किलोमीटर अंतर कापावे लागते. पुनर्मूल्यांकनाचा अर्ज कुठवर पोहोचला, एवढे विचारायला कोणी इतका प्रवास करू शकत नाही. अशा विद्यार्थ्यासाठी संकेतस्थळ हीच विद्यापीठाची खिडकी, आणि ती खिडकी फोनएवढीच असते. २०१६ नंतर मोबाइल डेटा स्वस्त झाल्यापासून इंटरनेटशी पहिली ओळखच फोनवर झालेली पिढी आता महाविद्यालयात आहे. त्यांच्यापैकी अनेकांच्या घरात संगणक कधी आलाच नाही.

मग ॲप का नको?

ॲपमुळे उद्घाटन करता येते, बातमी छापून येते. पण त्यामागचा हिशेब तपासायला हवा. भारतात वापरात असलेल्या स्मार्टफोनपैकी दहात नऊहून अधिक अँड्रॉइडवर चालतात. त्यांतले अनेक जुने, स्वस्त आणि साठवणुकीची जागा भरत आलेले असतात. वर्षातून चार-पाच वेळा लागणाऱ्या कामासाठी विद्यार्थी ॲप ठेवत नाही, काम झाले की काढून टाकतो. इकडे विद्यापीठाला अँड्रॉइडसाठी एक आणि आयफोनसाठी एक अशी दोन ॲप सांभाळावी लागतात. फोनची प्रणाली बदलली की ती सुधारावी लागतात. कंत्राट संपले की सुधारणा थांबते आणि ॲपवर गेल्या वर्षीचे वेळापत्रक तसेच राहते. शिवाय प्रवेश घेऊ पाहणारा बारावीचा विद्यार्थी, पालक, नोकरी देणारी कंपनी यांनी एका माहितीसाठी ॲप उतरवून घ्यावे, ही अपेक्षाच चुकीची.

‘फोनसाठी वेगळे, छोटे संकेतस्थळ’ हा मार्गही जगभर वापरून झाला आहे. त्यात एकच माहिती दोन ठिकाणी बदलावी लागते आणि छोट्या संकेतस्थळावरची माहिती हमखास शिळी होते. २०१० मध्ये ईथन मार्कोट या रचनाकाराने ‘रिस्पॉन्सिव्ह’ रचनेची कल्पना मांडली. पान एकच, मजकूर एकच, पडद्याच्या रुंदीनुसार मांडणी आपोआप बदलते. आज ही पद्धत सर्वमान्य आहे. आधुनिक ब्राउझरच्या साहाय्याने अशा संकेतस्थळाचे चिन्ह फोनच्या पडद्यावर ठेवता येते, सूचनाही पाठवता येतात. ॲपच्या बाजूने दिले जाणारे सर्वात मोठे कारण त्यामुळे बरेच हलके होते.

धोरणाची सुरुवात कशापासून करावी?

रंग आणि बोधचिन्ह यांच्यापासून तर नक्कीच नाही. रँडल मन्रो यांच्या ‘एक्सकेसीडी’ या चित्रमालिकेत २०१० मध्ये विद्यापीठांच्या संकेतस्थळांवर एक चित्र आले होते. एका वर्तुळात मुखपृष्ठावर असलेल्या गोष्टी, दुसऱ्यात लोक शोधत असलेल्या गोष्टी. दोन्हींत समान काय, तर फक्त विद्यापीठाचे पूर्ण नाव! ते चित्र अमेरिकेतले असले तरी आपल्याकडे कोणाला परके वाटू नये.

म्हणून पहिले काम मोजणीचे. संकेतस्थळाच्या नोंदींवरून कोणती पाने कधी उघडली जातात हे कळते. मदत कक्षाकडे आलेले दूरध्वनी आणि महाविद्यालयांतील लिपिकांना विचारले जाणारे प्रश्न महिनाभर वहीत टिपले तरी चित्र स्पष्ट होते. वेळापत्रक, परीक्षा अर्ज, प्रवेशपत्र, निकाल, छायाप्रत आणि पुनर्मूल्यांकन, शुल्काची पावती, अभ्यासक्रम, स्थलांतर प्रमाणपत्र, पदवी प्रमाणपत्र, शिष्यवृत्ती. यादी एवढ्यातच संपत येईल. ही दहा कामे फोनवर, एका हाताने, कोणाच्या मदतीशिवाय झाली पाहिजेत, हेच धोरणाचे पहिले वाक्य असावे. मान्यवरांची छायाचित्रे त्याखाली राहिली तर कोणाचे बिघडणार नाही.

इथे संलग्न महाविद्यालयाला विसरून चालत नाही. विद्यार्थी अर्ज भरतो, महाविद्यालय तो तपासून पुढे पाठवते, मग तो विद्यापीठात पोहोचतो. अर्ज नेमका कुठे अडला हे विद्यार्थ्याला दिसत नाही, त्यामुळे तो दोन्हीकडे खेटे घालतो. कुरिअरचे पाकीट कुठे आहे हे फोनवर कळते, तर पीआरएन क्रमांक टाकल्यावर आपला अर्ज कोणाच्या टेबलावर आहे हेही कळायला हवे.

पीडीएफ परिपत्रकांचे काय?

आपल्या संकेतस्थळांवर माहिती म्हणजे परिपत्रक आणि परिपत्रक म्हणजे सही-शिक्क्यासह स्कॅन केलेली पीडीएफ. फोनवर ती वाचताना प्रत्येक ओळीसाठी पान डावी-उजवीकडे सरकवावे लागते. मजकूर चित्राच्या रूपात असल्याने तो शोधयंत्राला सापडत नाही आणि अंध विद्यार्थ्याच्या फोनमधील वाचकाला तो वाचता येत नाही. जुन्या, युनिकोड नसलेल्या मराठी फॉन्टमध्ये टंकलेला मजकूर तर शोधताना अगम्य अक्षरांची माळ बनतो. मग परिपत्रकाचा फोटो व्हॉट्सॲपवर फिरतो आणि त्याच वाटेने बनावट परिपत्रकही फिरते. खरे कोणते हे ताडून पाहायला मूळ पान सापडत नाही.

उपाय खर्चिक नाही. प्रत्येक परिपत्रकाचा गाभा युनिकोड मराठीत आणि इंग्रजीत, साध्या पानावर, चार ओळींत द्यावा : कोणासाठी, काय करायचे, शेवटची तारीख, शुल्क. सहीची पीडीएफ खाली जोडावी. यासाठी सॉफ्टवेअरपेक्षा कार्यालयीन सवय बदलावी लागते, आणि कदाचित म्हणूनच ते अवघड आहे.

वेग किती हवा?

पाच एमबी वजनाचे मुखपृष्ठ दोन एमबीपीएस वेगाच्या जोडणीवर उतरायला किमान २० सेकंद घेते. तेच पान अर्ध्या एमबीचे केले तर दोन सेकंद पुरतात. गुगलच्या निकषांनुसार पानातील मुख्य मजकूर अडीच सेकंदांच्या आत दिसायला हवा. पानाचे वजन बहुतेकदा सरकत्या छायाचित्रांचे असते, कामाच्या मजकुराचे नव्हे. विद्यापीठाने निविदेतच पानाच्या वजनाची मर्यादा घालावी आणि काम स्वीकारताना संगणक कक्षात नव्हे, तर साध्या फोनवर, तालुक्याच्या एसटी स्थानकात तपासणी करावी.

निकालाच्या दिवशी काय?

खरी परीक्षा त्या दिवशी असते. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ नुसार निकाल ३० दिवसांत आणि कोणत्याही परिस्थितीत ४५ दिवसांत लागायला हवा. पण जाहीर झालेला निकाल विद्यार्थ्याला प्रत्यक्ष दिसला का, हे कोणी मोजत नाही. निकाल एकदा तयार झाला की बदलत नाही. तो दर वेळी मूळ माहितीसाठ्यातून शोधून काढण्याऐवजी आधीच तयार करून अनेक सर्व्हरवर ठेवता येतो. निकाल टप्प्याटप्प्याने लावणे, मार्कशीट डिजिलॉकरमध्ये वेळेत पोहोचवणे, निकाल एसएमएसने कळवणे हे मार्गही आहेत. त्यांचा वापर करायचा तर निकालाच्या तारखेआधी गर्दीची रंगीत तालीम व्हायला हवी.

२०१७ चा धडाही आठवावा. मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिका संगणकावर तपासण्याची पद्धत पुरेशा तयारीविना एकदम सर्व परीक्षांना लागू केली. निकाल महिनोन्‌महिने रखडले आणि अखेर कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आले. कल्पना वाईट नव्हती. छोट्या टप्प्यावर तपासून न पाहता ती सर्वांवर लादली गेली, हे चुकले. मोबाइल धोरणातही एक विद्याशाखा, एक सत्र, मग पुढे, असाच क्रम हवा.

फोन नसलेल्यांचे आणि दिव्यांगांचे काय?

‘सगळ्यांकडे फोन आहे’ हे अर्धसत्य आहे. अनेक घरांत एकच स्मार्टफोन असतो आणि तो दिवसभर वडिलांबरोबर शेतावर किंवा भावाबरोबर कामावर असतो. याचा फटका मुलींना अधिक बसतो. म्हणून फॉर्म अर्धवट जतन करून रात्री पूर्ण करता आला पाहिजे, महत्त्वाची तारीख साध्या एसएमएसनेही कळली पाहिजे आणि महाविद्यालयातील खिडकी बंद होता कामा नये. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ आणि सरकारी संकेतस्थळांसाठीची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे सुगम्यतेचा आग्रह धरतात. मोठी बटणे, ठळक अक्षरे, चित्रांना शब्दांत वर्णन यांचा उपयोग उन्हात उभे राहून फोन पाहणाऱ्या प्रत्येकालाच होतो.

खासगीपणाचाही प्रश्न आहे. बैठक क्रमांक टाकताच कोणाचाही निकाल, जन्मतारीख किंवा छायाचित्र दिसणे योग्य नाही. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला आहे आणि १८ वर्षांखालील व्यक्तीच्या माहितीसाठी त्यात पालकांच्या संमतीची तरतूद आहे. पदवीच्या पहिल्या वर्षात येणारे काही विद्यार्थी त्या वयाचेच असतात.

जबाबदारी कोणाची?

अधिनियमात माहिती तंत्रज्ञान मंडळाची तरतूद आहे. अधिसभा आहे, व्यवस्थापन परिषद आहे. तरीही संकेतस्थळ बहुधा एखाद्या कंत्राटदाराच्या आणि एका व्यग्र अधिकाऱ्याच्या भरवशावर चालते. परीक्षा विभाग, शैक्षणिक विभाग आणि वित्त विभाग आपापली वेगळी पोर्टल घेतात आणि विद्यार्थ्याला प्रत्येकाचा वेगळा पासवर्ड सांभाळावा लागतो. यावर पैशांची कमतरता हे उत्तर दिले जाते. पण तीन पोर्टल आणि एक विसरलेले ॲप यांवरचा खर्च एकत्र केला तर एक चांगले संकेतस्थळ आणि त्याची काळजी घेणारी चार माणसांची कायम तुकडी उभी राहू शकेल. त्यात एक संपादक हवा, आणि विद्यापीठाच्याच संगणकशास्त्र विभागातील विद्यार्थीही हवेत. वापरणारे तेच आहेत.

अधिसभेत दर वर्षी एक तक्ता मांडला जावा : दहा कामांपैकी किती फोनवर पूर्ण होतात, किती अर्ज अर्ध्यावर सुटतात, शुल्क वजा होऊन पावती न मिळालेली किती प्रकरणे किती दिवसांत मिटली. सदस्यांनी त्यावर प्रश्न विचारावेत. त्याआधी कुलगुरूंनी आणि परीक्षा संचालकांनी आपल्याच विद्यापीठाचा परीक्षा अर्ज स्वतःच्या फोनवर, कोणाला न विचारता, एकदा भरून पाहावा. तो भरून झाला नाही, तर नव्या ॲपची निविदा त्या दिवशी थांबवावी आणि काम जिथे अडले तिथून सुरू करावे.