गाणे शिळे, की ऐकणे शिळे?

गेल्या भाद्रपदात आमच्या संगमेश्वर भागातील एका उत्सवमंडपात शाळकरी मुलांची नाट्यगीतगायनाची स्पर्धा झाली. परीक्षकांच्या शेजारी बसण्याचा मान आम्हांस मिळाला होता. अकरा मुले गायिली आणि त्यांतील पाचांनी एकच पद गायिले. पहिल्याने ते म्हटले तेव्हा सर्व मंडपाने माना डोलावल्या. दुसऱ्याच्या वेळी पुढच्या रांगेतील वृद्धांनी पानाची चंची उघडली. तिसऱ्याच्या वेळी मागील बाजूस गप्पांना रंग चढला. पाचवी मुलगी तंबोऱ्यापाशी येऊन बसली, तेव्हा अर्धा मंडप प्रसादाच्या रांगेकडे निघाला होता. मुलगी चांगली गायिली. स्वर सच्चा, लय पक्की, शब्द स्वच्छ. बक्षीस मात्र तिला मिळाले नाही. कार्यक्रम आटोपल्यावर तिची आई आमच्याकडे आली आणि हळूच म्हणाली, "गुरुजी, हिचे चुकले कुठे, ते सांगाल का?" आम्ही म्हणालो, "ताई, काही चुकले नाही." आणि ते अक्षरशः खरे होते. तिचे गाणे चुकले नव्हते. लोकांचे ऐकणे तिच्या आधीच संपले होते.

हा प्रकार एका मंडपाचा किंवा एका वर्षाचा नव्हे. स्नेहसंमेलने, उत्सव, लग्नसमारंभ, जेथे म्हणून अभिजात संगीताचे चार सूर निघतात, तेथे तीच पाचसहा गाणी फिरून फिरून ऐकू येतात. मैफलीची सांगता भैरवीने करावी ही आपली सुंदर प्रथा. परंतु सांप्रत भैरवीचे पहिले स्वर कानी पडताच पुष्कळ मंडळी आपली पादत्राणे शोधावयास लागतात. आणि मग आपणच म्हणतो की, शास्त्रीय संगीत आता जुने झाले, त्यात तेच ते असते, मुलांस ते रुचत नाही. आमचे म्हणणे असे की, हा आरोप चुकीच्या ठिकाणी केला जात आहे. शिळे झाले आहे ते गाणे नव्हे. आपली मागणी, आपले शिकणे आणि आपले ऐकणे शिळे झाले आहे.

प्रथम मागणीचाच विचार करू. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे 'मानापमान' १९११ साली आणि 'स्वयंवर' १९१६ साली रंगभूमीवर आले. पहिल्याच्या चाली गोविंदराव टेंबे ह्यांच्या, तर दुसऱ्याच्या भास्करबुवा बखले ह्यांच्या. ह्या दोन नाटकांत प्रत्येकी पन्नासांहून अधिक पदे आहेत. त्यांतील किती पदे आज आपल्या मुलांच्या कानांवर पडतात? मोजावयास एका हाताची बोटे पुरतात. ख्यालगायनाचीही तीच गोष्ट. पंडित विष्णु नारायण भातखंडे ह्यांनी क्रमिक पुस्तकमालिकेच्या सहा भागांत हजारावर चीजा स्वरलिपीसह छापून ठेविल्या. घरातील कणगी भरलेली असावी, आपण मात्र एकाच मडक्यातील तांदूळ रोज शिजवावा, आणि वर भाताला नावे ठेवावी, तशातला हा प्रकार आहे.

आता कोणी म्हणेल की, लोकांस आवडते तेच पुन्हा मागितले तर त्यात वावगे काय? बालगंधर्वांच्या काळी वन्समोअर काय थोडे होत? होत तर! एकेका पदास वन्समोअर पडत आणि नाटके उत्तररात्रीपर्यंत लांबत. 'स्वयंवरा'त रुक्मिणीच्या तोंडी यमनातील जे पद आहे, त्याची मागणी लोक पुनःपुन्हा करीत. पण तेव्हा बालगंधर्व तेच पद निराळ्या अंगाने गात, निराळ्या ठिकाणी थांबत, निराळ्या वाटेने समेवर येत. यमनाचे स्वर सातच. मध्यम तेवढा तीव्र, बाकीचे शुद्ध. परंतु त्या सात स्वरांतून चालण्याच्या वाटा मोजता येणार नाहीत. आपल्या संगीताची मूळ घडणच अशी आहे की, त्यात चीज ही केवळ बीजाप्रमाणे असते. वृक्ष प्रत्येक वेळी गवयाने आपल्या डोळ्यांदेखत वाढवावयाचा असतो. म्हणून पूर्वीचा श्रोता पुन्हा तेच पद मागत असला, तरी त्यास ऐकावयास मिळे ते काही नवेच.

मग बिघडले कोठे? १९०२ साली कलकत्त्यास आपल्या देशातील पहिल्या ध्वनिमुद्रिका तयार झाल्या. तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन मिनिटांचे गाणे मावे. ह्या यंत्राचे उपकार थोर आहेत. १९३७ साली निवर्तलेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांचा स्वर आज संगमेश्वरातल्या मुलास ऐकता येतो, तो त्याच्याच कृपेने. पण त्याचबरोबर एक अनर्थही घडला. गवयाने एका दिवशी, एका खोलीत, तीन मिनिटांच्या घाईत जे गायिले, तेच त्या गाण्याचे कायमचे रूप होऊन बसले. आता तबकडी गेली आणि प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आला. सोबत तयार ठेकाही आला. मूल ते गाणे शंभर वेळा ऐकते आणि तान, मुरकी, इतकेच काय, मूळ गवयाने श्वास घेतलेली जागादेखील उतरवून घेते. पाच मुलांनी एकच पद गायिले, ह्यात तितकेसे दुःख नाही. त्या पाचांनी ते एकाच तऱ्हेने गायिले, हे खरे दुःख आहे. त्या मंडपात पाच मुले गात नव्हती. एकच ध्वनिमुद्रिका पाच वेळा वाजत होती.

ही व्याधी आपल्याच देशात आहे असे नाही. बीथोवन ह्या जर्मन रचनाकाराने १८१० साली पियानोसाठी एक लहानशी रचना केली. 'फ्यूर एलिझे' ह्या नावाने ती जगभर प्रसिद्ध आहे. तिचे आरंभीचे काही स्वर ठाऊक नाहीत असा पियानोचा विद्यार्थी विरळा. परंतु त्यापुढे तिच्यात आणखी दोन निराळे भाग आहेत, ते कितीजण मन लावून ऐकतात? तैवान बेटात तर कचऱ्याच्या गाड्या तिची धून वाजवीत येतात आणि लोक पिशव्या घेऊन खाली उतरतात! रशियाच्या राखमानिनॉव्हची कथा अधिक बोलकी आहे. त्याने १८९२ साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, पियानोवरील एक छोटी रचना केली. ती इतकी लोकप्रिय झाली की, पुढे जन्मभर प्रत्येक कार्यक्रमात श्रोते तिचाच हट्ट धरीत, आणि अखेर खुद्द रचनाकारच तिला विटला. मोठमोठ्या रचना करणाऱ्या कलावंतास लोकांनी त्याच्या कोवळ्या वयातील एका रचनेशी जखडून टाकावे, ह्याला रसिकता म्हणावे की अडवणूक?

तथापि पुनरावृत्ती ही स्वभावतःच वाईट, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. आमच्या कोकणात शिमग्याला खेळे येतात. दरवर्षी तेच नमन, तोच मृदंग. गणपतीपुढे आपण पिढ्यान्‌पिढ्या त्याच आरत्या म्हणतो. त्यांचा वीट कोणास आला आहे? येत नाही, ह्याची दोन कारणे. एक, त्या गाण्यांना काळवेळ आहे. ती वर्षभर वाट पाहावयास लावतात. दुसरे, आपण ती नुसती ऐकत नाही, स्वतः म्हणतो. जे आपण स्वतः करतो, ते शिळे होत नाही. जे अवेळी आणि अर्धवट कानांवर आदळते, तेवढेच शिळे होते.

मुलांवर किंवा पालकांवर दोष ठेवावा, हाही आमचा हेतू नाही. अनुकरणावाचून कोणतीही विद्या आरंभिता येत नाही. गुरूपुढे बसलेला शिष्यही प्रथम नक्कलच करीत असतो. खेड्यापाड्यांत गाणे शिकविणारे मिळणे कठीण. मोबाइल मात्र घरात असतो, आणि गरीब मुलाचा तोच गुरू होतो. पण ह्याच कोकणाने आणखी एक उदाहरण आपल्यापुढे ठेविले आहे. सावंतवाडी संस्थानातील ओझरे गावी १८७१ साली जन्मलेले रामकृष्णबुवा वझे गाण्याच्या ध्यासाने घर सोडून ग्वाल्हेरपर्यंत गेले, हालअपेष्टा सोसून निसार हुसेन खाँसाहेबांपाशी शिकले, आणि इतरांच्या मुखी क्वचित ऐकू येणाऱ्या रागांचे व चीजांचे भांडार घेऊन परतले. अप्रचलित राग हीच त्यांची ख्याती झाली. पुढे 'संन्यस्त खड्ग' (१९३१) ह्या नाटकातील पदांना त्यांनी चाली दिल्या. त्यांस भ्रमंती करून जे मिळवावे लागले, त्यातील पुष्कळसे आज घरबसल्या ऐकता येते. अडचण साधनांची उरलेली नाही, जिज्ञासेची आहे.

तेव्हा विद्यार्थिमित्रांनो, आमचे सांगणे थोडक्यात असे. आवडीचे गाणे अवश्य म्हणा. परंतु त्याच रागातील आणखी दोन गाणी शोधा आणि ती कोठे मिळतात, कोठे वेगळी होतात, हे कानांनी ताडून पाहा. पद बसले की ध्वनिमुद्रिका आठ दिवस बंद ठेवा, आणि निदान एक आलाप तरी स्वतःचा घ्या. तो चुकला तरी चालेल. तो तुमचा असेल. पालकांस आमची विनंती अशी की, पाहुणे आले म्हणजे "ते बक्षिसाचे गाणे म्हणून दाखव" असे न म्हणता "नवे काय शिकलास?" असे विचारावे. स्पर्धा भरविणाऱ्यांनी एक पद एकाहून अधिक मुलांनी घेऊ नये, अशी व्यवस्था आधीच करावी; कोणते पद कोणाचे हे चिठ्ठी टाकूनही ठरविता येईल. राहिलो आपण श्रोते. गवई बसला की पहिल्या पाच मिनिटांत फर्माईश पाठविण्याची सवय आपण सोडू या. त्याने आपल्यासाठी काय आणिले आहे, ते आधी ऐकू या.

कोणी म्हणेल, गाण्यासारख्या करमणुकीच्या गोष्टीसाठी एवढा खटाटोप कशास? आमच्या डोळ्यांपुढे अजून ती मुलगी आहे. तिने वर्षभर मेहनत केली, आणि तिच्या वाट्याला आले ते रिकाम्या होत जाणाऱ्या मंडपाचे दृश्य. असा अनुभव दोनदा आला की मूल गाणे सोडते, आणि का सोडले हे कोणास सांगतही नाही. तिच्या आईस आम्ही त्या दिवशी अर्धेच उत्तर दिले होते; उरलेले आज देतो. ताई, मुलीचे काही चुकले नाही. चुकले ते, तिला तेच पद निवडून देणाऱ्या आम्हां वडीलधाऱ्यांचे, आणि ऐकावयाच्या आधीच उठून गेलेल्या आम्हां सर्वांचे. पुढच्या भाद्रपदात तिने पुन्हा यावे. 'स्वयंवरा'तील कोणी न गायिलेले एखादे पद तिने बसवावे. आम्ही पुढच्या रांगेत बसू, आणि ते संपेपर्यंत उठणार नाही.