प्लॉट वाशीमचा, चित्रं अजिंठ्याची!

एक चॅप्टर आजचा, एक चॅप्टर कित्येक शतकांपूर्वीचा. मध्ये एखादं जुनं चित्र आणि त्यात दडलेलं गुपित. चित्रातल्या गुपितांची चटक आपल्याला ‘द दा विंची कोड’नं लावली खरी, पण बॉस, दर वेळी पॅरिस नि फ्लॉरेन्सच कशाला? जठारपेठेतून गाडी काढली की ८०-एक किलोमीटरवर वाशीम. असल्या कादंबरीचा प्लॉट तिथे तयार पडलाय!

अजिंठा म्हटलं की सगळ्यांना आठवते रॉबर्ट गिल आणि पारोची लव्हस्टोरी. महानोरांचं दीर्घकाव्य झालं, २०१२मध्ये नितीन देसाईंचा सिनेमाही आला. गोड आहे, मान्य. पण खरा सस्पेन्स वेगळाच.

१६ नंबरच्या लेण्यात एक शिलालेख आहे. वाकाटक राजा हरिषेणाचा मंत्री वराहदेव यानं हे लेणं करवलं, असं तो सांगतो आणि आधीच्या राजांची यादीही देतो. पण अक्षरं झिजलेली. एकोणिसाव्या शतकातल्या संशोधकांनी त्यातली काही नावं भलतीच वाचली. मग १९३९मध्ये वाशीमचे ताम्रपट उजेडात आले. त्यांच्या आधारानं वा. वि. मिराशींनी लेख पुन्हा तपासला आणि ‘सर्वसेन’ हे नाव जागेवर बसलं. वाकाटकांची एक अख्खी शाखाच सापडली. तिची राजधानी वत्सगुल्म, म्हणजे आपलं वाशीम!

आता मागचा चॅप्टर. पाचव्या शतकाचा उत्तरार्ध. वॉल्टर स्पिंक या अभ्यासकाचं म्हणणं होतं, की इथली वाकाटककालीन लेणी जेमतेम वीसेक वर्षांत झाली आणि हरिषेण गेल्यावर सगळं कोसळलं. (सगळ्यांना हे पटत नाही, पण कादंबरीला काय!) गंमत म्हणजे, त्यांचा एक दुवा चक्क गोष्टीतला आहे. दंडीच्या ‘दशकुमारचरिता’त विदर्भाचा शहाणा राजा मरतो, मुलगा चैनीत बुडतो, म्हाताऱ्या मंत्र्याचं ऐकत नाही आणि राज्य घालवतो. यात वाकाटकांची अखेर लपलीय, हे मिराशींनीही सुचवलं होतं.

कित्येक लेणी अर्धवट राहिली. प्रोजेक्ट रातोरात बंद म्हणजे काय, हे आयटीवाल्यांना वेगळं सांगायला नको. मला त्या चित्रकाराची गोष्ट हवीय. अर्धी रंगलेली भिंत, हातात कुंचला, आणि पैसे द्यायला वत्सगुल्मात कुणी उरलेलं नाही. तो गेला कुठे?

कुणी लिहीत असाल, तर पहिली कॉपी माझी!