डिजिटल निधी : अर्जाआधी दप्तर तपासा

कलेच्या व वारशाच्या जतनासाठी डिजिटल स्वरूपाचा निधी मिळण्याच्या वाटा गेल्या काही वर्षांत वाढल्या आहेत. केंद्र सरकारने २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात 'ज्ञान भारतम्' मोहीम जाहीर केली. एक कोटीहून अधिक हस्तलिखितांचे सर्वेक्षण, नोंदणी व जतन हे तिचे उद्दिष्ट आहे. नांदेड-लातूरच्या संस्थांना अशा योजनांचा लाभ मिळणे हे मात्र त्यांच्या स्वतःच्या पूर्वतयारीवर अवलंबून आहे.

या भागाकडे जतन करण्याजोगे पुष्कळ आहे. माळेगावच्या खंडोबा यात्रेतील वाघ्या-मुरळी व लावणी, माहूरच्या रेणुकेचे गोंधळी, तांड्यांवरील बंजारा गीते हे त्यातील काही ठळक प्रकार. हैदराबाद संस्थानाचा भाग असल्याने मोडी व उर्दूतील जुने कागदही येथे आढळतात. विलंब किती महाग पडतो, हे ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपाने दाखवून दिले आहे. त्या पहाटे माणसे गेली, घरे गेली आणि घरांतील कागद व छायाचित्रेही ढिगाऱ्याखाली गेली. ध्वनिफितींचा क्षय मात्र भूकंपाची वाट पाहत नाही.

यंत्रांची यादी म्हणजे प्रकल्प नव्हे

अनेक प्रस्तावांची सुरुवात कॅमेरा, संगणक व संकेतस्थळाच्या मागणीने होते. निधी देणारा मात्र तीन गोष्टी पाहतो : काय जतन होणार, त्याचा उपयोग कोणाला होणार आणि निधी संपल्यावर ते कोण सांभाळणार. 'अद्ययावत स्टुडिओ हवा' या मागणीपेक्षा 'तालुक्यातील वृद्ध गोंधळ्यांची कथागीते दोन वर्षांत ध्वनिमुद्रित करून अर्थासह अभ्यासकांना उपलब्ध करू' हा संकल्प अधिक वजनदार ठरतो. नावीन्य यंत्रापेक्षा त्याच्या उपयोगात असते.

योग्य दार ठोठवावे

हस्तलिखितांसाठी 'ज्ञान भारतम्' आहे. परंतु हस्तलिखित म्हणून गणना होण्यासाठी ते किमान ७५ वर्षे जुने असावे लागते. वस्तुसंग्रहांच्या डिजिटायझेशनसाठी केंद्रीय सांस्कृतिक मंत्रालयाची संग्रहालय अनुदान योजना आहे. लोककलांवरील संशोधन व प्रयोगांसाठी बंगळुरूचे इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्स अनुदान देते. तेथे भारतीय भाषांतून प्रस्ताव पाठविता येतो, हे मराठी संस्थांनी विशेष ध्यानात घ्यावे. कंपनी कायदा २०१३ नुसार कंपन्यांचा सामाजिक उत्तरदायित्व निधीही कला व वारशासाठी खर्च करता येतो.

ब्रिटिश लायब्ररीचा २००४ मध्ये सुरू झालेला 'एंडेंजर्ड आर्काइव्हज प्रोग्रॅम' धोक्यातील दस्तऐवजांसाठी आहे. तथापि परदेशी निधी थेट स्वीकारण्यासाठी परकीय योगदान नियमन कायद्यानुसार नोंदणी किंवा पूर्वपरवानगी अनिवार्य आहे. लहान संस्थेने अशा वेळी पात्र संस्थेची भागीदार व्हावे. देशी योजनांसाठीही नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठासारख्या संस्थेचे सहकार्य मोलाचे ठरेल. तेथे ललित व प्रयोगजीवी कला संकुल आहे आणि लातूरला उपकेंद्रही आहे.

कागदपत्रांची कसोटी

चांगली कल्पना बहुधा अडते ती दप्तरात. विश्वस्त बदलले की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज दाखल करावा लागतो. तो वर्षानुवर्षे प्रलंबित राहिल्यास अर्जावर सही करणाऱ्याच्या अधिकारावरच प्रश्नचिन्ह उभे राहते. लेखापरीक्षण अहवाल, प्राप्तिकर विभागाची नोंदणी आणि 'एनजीओ दर्पण' संकेतस्थळावरील क्रमांक तयार असावा. कंपन्यांच्या निधीसाठी १ एप्रिल २०२१ पासून 'सीएसआर-१' नोंदणीही बंधनकारक आहे.

कलावंताची संमती

सर्वाधिक दुर्लक्षित मुद्दा हाच आहे. स्वामित्वहक्क कायद्यानुसार सादरकर्त्याचा आपल्या सादरीकरणावरील हक्क ५० वर्षे टिकतो. म्हणून ध्वनिचित्रमुद्रण कशासाठी, ते कोठे दिसणार आणि त्यातून उत्पन्न झाल्यास वाटा किती, हे कलावंताला त्याच्या भाषेत समजावून लेखी संमती घ्यावी. अंदाजपत्रकात त्याच्या मानधनाचा स्वतंत्र रकाना असावा. गाणाऱ्याला रिकाम्या हाताने पाठवून त्याच्या गाण्याचे जतन करणे ही विटंबना होय.

तांत्रिक बाजूही साधी, पण काटेकोर असावी. मजकूर जुन्या फॉन्टऐवजी युनिकोडमध्ये असावा, म्हणजे तो शोधता येतो. ध्वनिमुद्रणाची मूळ प्रत एमपी-३ मध्ये न ठेवता आवाजाचा तपशील न गमावणाऱ्या वेव्ह स्वरूपात ठेवावी. प्रत्येक फाइलच्या तीन प्रती असाव्यात, त्यांतील एक दुसऱ्या गावी. त्यांच्या देखभालीचा खर्च आरंभीच दाखवावा, कारण निधी संपताच बंद पडलेल्या संकेतस्थळाने कोणाचेच भले होत नाही.

यातील बहुतेक कामांना निधीची प्रतीक्षा करण्याचे कारण नाही. संग्रहाची यादी, प्रलंबित बदल अर्ज आणि संमतीपत्राचा मसुदा आजच हाती घेता येईल. योजनेची जाहिरात आल्यावर धावपळ करणाऱ्या संस्थेपेक्षा तीन पानांची नेमकी यादी तयार ठेवणारी संस्था पुढे राहील. मराठवाड्यावर अन्याय होतो, ही तक्रार नेहमीची आहे. पण ती मांडण्यापूर्वी आपला अर्ज परिपूर्ण होता काय, हे प्रत्येक संस्थेने पाहिले पाहिजे.