जात नाही म्हणता, मग ही चौकशी कसली?

'इस्लाममध्ये जात नाही' असे आम्ही व्यासपीठावरून छातीठोकपणे सांगतो. शिकवणुकीपुरते ते खरेच आहे. पण सोयरिकीची बोलणी निघाली की बागवान, तांबोळी, पिंजारी, खाटीक ही चौकशी आधी कोण करते? आम्हीच.

२००६ च्या सच्चर अहवालाने अश्रफ, अजलाफ, अर्झल ही उतरंड नोंदवली. त्यातले मागासलेपणाचे आकडे आम्ही तोंडपाठ केले. उतरंडीची पाने मात्र 'समाजात फूट पडेल' म्हणून मिटून ठेवली. ती पाने खोटी म्हणून नव्हे. ती खरी मानली तर मेहतराच्या घरी लेक द्यावी लागेल, मशिदीच्या विश्वस्तांत त्याला जागा द्यावी लागेल, ही खरी अडचण!

१९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने मुस्लिम दलितांना अनुसूचित जातींबाहेर ठेवले. तीच दारे शिखांना १९५६ मध्ये आणि बौद्धांना १९९० मध्ये उघडली. आमच्या मेहतरासाठी ती उघडा, असे आम्ही कोणत्या तोंडाने म्हणायचे? जातच नाही, तर सवलत कशाची?

परिणाम गैरसोयीचा म्हणून विचार खोटा ठरत नाही. फूट या विचाराने पडलेली नाही. ती आधीपासूनच आहे. तिच्यावर चादर टाकून आम्ही एकीची भाषणे करतो. ती चादर आम्हीच उचलली पाहिजे.