घेवडा आधी उकळा, मग स्लो कुकर

कोंबडी, पांढरा घेवडा, हिरवी मिरची आणि जिरे घालून केलेली ‘व्हाइट चिकन चिली’ हा अमेरिकी घरांतला थंडीतला आवडता पदार्थ. तो पौष्टिक आहेच. पण कोरडा घेवडा थेट स्लो कुकरमध्ये टाकणे धोक्याचे. फायटोहिमॅग्लुटिनिन हे लेक्टिन लाल राजम्यात सर्वाधिक, पांढऱ्या घेवड्यात कमी, पण असतेच. मंद आचेवर ते पुरते नष्ट होत नाही. मग मळमळ, उलट्या, जुलाब होतात. दाणे किमान ५ तास भिजवावेत, ते पाणी फेकून ताज्या पाण्यात ३० मिनिटे खळखळून उकळावेत. डबाबंद दाणे शिजलेलेच असतात. चिकनही आतपर्यंत ७४ अंश सेल्सिअस तापायला हवे. पाककृती देणाऱ्यांनी चवीच्या गोष्टींआधी ही सूचना द्यायला हवी.